मधला खंड

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर जून-जुलैत अर्ज लिहून देणाऱ्यांकडे गर्दी असते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, आणि ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं त्यांच्यासाठी गॅप सर्टिफिकेट. त्याचा मजकूर ठरलेला असतो: अमुक सालापासून तमुक सालापर्यंत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, कोणत्याही गैरकृत्यात सामील नव्हतो, वगैरे. बहुतेकांचा खंड एका वर्षाचा. पोरगा नीटच्या मागे होता, जमलं नाही, आता इंजिनीअरिंगला चाललाय. पण अधूनमधून तिशी ओलांडलेला, पायात सेफ्टी शूज असलेला माणूसही त्या रांगेत दिसतो. टायपिस्ट सवयीनं विचारतो, "मुलाचं का?" तो म्हणतो, "नाही, माझंच." "किती वर्षांचा गॅप?" "तेरा."

या तेरा वर्षांत तो तळोज्याच्या एखाद्या रासायनिक प्लांटमध्ये फील्ड ऑपरेटरचा पॅनल ऑपरेटर झालेला असतो. रिॲक्टरचं तापमान कुठल्या वळणावर हाताबाहेर जातं हे त्याला आलेखाकडे पाहून कळतं. नवीन आलेल्या ट्रेनी इंजिनीअरला पहिले सहा महिने तोच सांभाळून घेतो आणि सातव्या महिन्यापासून त्यालाच 'सर' म्हणू लागतो. प्रतिज्ञापत्रावर मात्र या सगळ्याचं नाव 'खंड'.

भलत्याच क्षेत्रातून मध्येच इंजिनीअरिंगकडे वळावं का, हा प्रश्न पनवेलमध्ये हवेत तरंगणारा नाही. एका बाजूला तळोजा, दुसऱ्या बाजूला रसायनी-पाताळगंगा, खाली १९८९ साली सुरू झालेलं न्हावाशेवा बंदर, २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू आणि २०२५ च्या डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झालेला विमानतळ. शिवाय नवीन पनवेलात १९९९ पासूनचं पिल्लई, कामोठ्यात एमजीएम, खारघरमध्ये चार पावलांवर एकेक कॉलेज, आणि जिल्ह्याच्या दक्षिणेला लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. म्हणजे इंजिनीअर तयार होतात त्या जागाही इथे आणि त्यांना नोकरी लागते त्याही इथेच. या दोहोंमध्ये राहणाऱ्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला, बँकेतल्या कारकुनाला, विनाअनुदानित शाळेतल्या मास्तराला रोज हार्बर लोकलमध्ये वाटत राहतं की गाडी आपणच चुकवली. पनवेलहून सीएसएमटीला धीम्या गाडीनं सव्वा तास तरी लागतो. विचार करायला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

आता गंमत अशी की आपल्याकडे इंजिनीअरिंगचं शिक्षण सुरू झालं तेच नोकरीत असलेल्या माणसांसाठी. १८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं ते सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ हुद्द्यांवरच्या लोकांना रस्ते, पूल, कालवे बांधण्याचं शास्त्र यावं म्हणून. त्याचंच पुढे सीओईपी झालं. बारावीत अमुक टक्के मिळवलेला अठरा वर्षांचा मुलगा हा इंजिनीअरिंगचा एकमेव उमेदवार, ही कल्पना त्यानंतर बऱ्याच काळानं रुजली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेलेला हा मुलगा. रंग नीट ओळखता येत नाहीत असं ध्यानात आलं आणि चित्रकला सुटली. राहिलं ते रेघांचं काम, यंत्रांची रेखाटनं. त्या जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. बढतीत डावललं गेल्यावर बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० साली कुंडलच्या माळावर औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. डोळ्यांचा दोष नसता तर एक बरा चित्रकार झाला असता आणि नांगर कदाचित विलायतेहूनच येत राहिला असता.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाडीवर लक्ष्मणरावांनी जी माणसं जमवली त्यांत अनंतराव फळणीकर होते. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस पुढे कल्पक इंजिनीअर म्हणून नावाजला गेला. म्हणजे बाहेरून येऊन शिरायचं तर आतून दार उघडणारं कुणीतरी लागतं, आणि त्यानं कागद न बघता काम बघायला लागतं. किर्लोस्करवाडीत ते झालं, कारण मालक स्वतःच आडवाटेनं आलेला होता. आज तळोज्यातल्या कारखान्याचा एचआर विभाग संगणकावर 'बी.ई./बी.टेक.' अशी चाळणी लावतो. फळणीकर त्या चाळणीतून खाली पडले असते.

या दोन काळांच्या मध्ये एक पूल होता, त्याचं नाव एएमआयई. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था १९२० सालची, मुख्यालय कोलकात्यात. १९३५ साली तिला शाही सनद मिळाली. तिच्या सेक्शन 'ए' आणि सेक्शन 'बी' या परीक्षा पास झालेल्याला सरकार पदवीधर इंजिनीअरच्या बरोबरीचं मानायचं. वर्ग नाहीत, हजेरी नाही, वयाची अट नाही. वर्षातून दोनदा परीक्षा, पुस्तकं आणि तुम्ही. वीज मंडळातले लाइनवरचे लोक, रेल्वेतले ड्राफ्ट्समन, पाटबंधारे खात्यातले ओव्हरसियर रात्री अभ्यास करून ती देत. पास होणारे थोडे. एकेक पेपर काढत सात-आठ वर्षं घालवलेली माणसं महाराष्ट्राच्या प्रत्येक सरकारी कॉलनीत होती, आणि जो पूर्ण करी त्याच्या दारावरच्या पाटीत नावापुढे 'एएमआयई' लागे. ती पाटी बी.ई.च्या पाटीपेक्षा जरा मोठ्या अक्षरांत असे. असायलाच हवी होती.

३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ही समकक्ष मान्यता उरली नाही. संस्था आहे, परीक्षाही आहे, पण ज्या एका गोष्टीसाठी लोक ती द्यायचे ती गेली. परीक्षेचा दर्जा, प्रयोगशाळेचा अभाव ही कारणं सांगितली गेली आणि त्यांत तथ्य नव्हतं असं नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगाशिवाय केमिकल इंजिनीअर कसा मानायचा? तरीही माझं मत असं की, त्या परीक्षेला बसणारा माणूस दिवसाचे आठ तास देशातल्या सगळ्यांत मोठ्या प्रयोगशाळेतच असायचा. दुरुस्ती करता आली असती. त्याऐवजी पूल काढून टाकला, आणि नवा बांधायचं काम कुणाकडे होतं तेही ठरलं नव्हतं.

पूल गेला की लोक होडक्यानं जातात, आणि होडकी चालवणारे सगळेच सज्जन नसतात. एएमआयईचा पूल शाबूत होता तेव्हाही, २००१ पासूनच, काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणानं बी.टेक. द्यायला सुरुवात केली होती. गावोगावी अभ्यासकेंद्रं, शनिवार-रविवारचे वर्ग, 'नोकरी करता करता इंजिनीअर व्हा' अशा जाहिराती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईची परवानगी न घेता दिलेल्या या पदव्या ग्राह्य नाहीत. २००१ ते २००५ च्या दरम्यान प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्या पदवीवर मिळालेल्या बढत्याही मागे घेतल्या जाव्यात असं न्यायालयानं म्हटलं. मिळालेला पगार तेवढा वसूल करू नये, ही सवलत. चाळिशीतल्या माणसाला कनिष्ठ अभियंत्याच्या खुर्चीवरून उठवून पुन्हा फोरमनच्या खुर्चीवर बसवणं काय असतं, याची कल्पना करून पाहा. आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम स्पष्ट आहेत: इंजिनीअरिंगची पदवी दूरशिक्षणानं मिळत नाही. तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत, फक्त भिंतीवरून मोबाइलवर गेल्या आहेत.

मग आज खरी दारं कोणती?

समोरचं मोठं दार म्हणजे एमएचटी-सीईटी. तिला वयाची वरची मर्यादा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पस्तिसाव्या वर्षी सीईटी देऊन कॅप राउंडमधून पहिल्या वर्षाला बसायला कायद्यानं कुणी अडवत नाही. अडवतं ते बारावीचं गणित. फिजिक्स आणि गणित हवंच, ठरावीक टक्केही हवेत. ज्यानं पीसीबी घेतलं, कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं, त्याला आधी तिथवर मागे जावं लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेकडून सुटे विषय देऊन हे करता येतं, पण त्यात एक-दोन वर्षं जातात, आणि बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीआधी कुणी दहा किलोमीटर पळायला लावावं तसं ते होतं. २०२१ च्या मार्चमध्ये एआयसीटीईनं बारावीला फिजिक्स-गणित नसलं तरी चालेल असं धोरण मांडलं तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी ते बहुतेक शाखांपुरतं मागे आलं. मला तो गदारोळ बरोबर वाटला होता. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणिताशिवाय बसवणं हा दयेचा प्रकार नव्हे. पण गणित अठराव्या वर्षीच शिकलेलं असलं पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

दुसरं दार बाजूचं आणि माझ्या मते पनवेलच्या माणसासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. ते म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश, डीएसई. सगळ्यांना वाटतं हे फक्त डिप्लोमावाल्यांसाठी आहे. पण बी.एस्सी. झालेल्याला, बारावीला गणित असेल तर, याच दारानं दुसऱ्या वर्षाला येता येतं. तळोजा-रसायनीतल्या प्लांटमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्यांची फौज आहे. पनवेलच्या, उरणच्या, पेण-अलिबागच्या कॉलेजांतून निघून ते सरळ शिफ्टला लागलेले. त्यांच्यापैकी किती जणांना या दाराची खबर आहे, मला शंकाच आहे.

अर्थात दार अरुंद आहे. जागा आधी डिप्लोमावाल्यांनी भरायच्या, उरल्या तर बी.एस्सी.वाल्यांना, असा क्रम एआयसीटीईनं घालून दिला. शिवाय आत आल्यावर पहिल्या वर्षाचे इंजिनीअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे दोन विषय दुसऱ्या वर्षाबरोबरच काढावे लागतात. हे योग्यच आहे, पण त्याचा अर्थ काय तो बघा. सकाळी इतरांबरोबर दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स, दुपारी आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांबरोबर ड्रॉइंग हॉलमध्ये उभं राहून प्रोजेक्शन काढायचं, आणि डोक्यावर एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, ज्यानं मुंबई विद्यापीठाच्या कित्येक पिढ्यांना केटी लावली. पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची. नोकरी करत हे होत नाही. नोकरी सोडावी लागते.

तिसरं दार या अडचणीवरच काढलेलं. २०२३ पासून एआयसीटीईनं नोकरदारांसाठी सोयीच्या वेळात, म्हणजे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, वर्ग चालवायला कॉलेजांना मुभा दिली. जवळच्या परिसरातल्या उद्योगात नोकरी हवी, अनुभव हवा, आणि पदवी मिळते ती नेहमीची. कागदावर ही योजना एएमआयईपेक्षा सरस आहे. पण संध्याकाळी प्राध्यापक थांबवायचे, प्रयोगशाळा उघडी ठेवायची, तर कॉलेजला हिशेब जमायला हवा, आणि मुलं मिळाली तरच तो जमतो. तळोज्याच्या कारखान्यांनी आपली वीस-वीस माणसं एकत्र पाठवायची ठरवली तर खारघरचं कुठलंही कॉलेज उद्या वर्ग सुरू करील. पण ठरवणार कोण? बिट्स पिलानी १९७९ पासून नोकरी करत शिकण्याचे अभ्यासक्रम चालवते. तिथे कंपनीची संमती आणि तिच्यातला एक वरिष्ठ मार्गदर्शक लागतो. ती अट मुलखाची उपयोगी आहे. आतून दार उघडणारा माणूस ती सक्तीनं निर्माण करते.

आणि एक खिडकीही आहे, तिला दार म्हणायचं की नाही यावर वाद होईल. २०२० पासून आयआयटी मद्रास डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. त्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. चार आठवडे शिकायचं, पात्रता परीक्षा द्यायची, पास झालात तर आत. वाटेत सर्टिफिकेट, डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं. २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचाही तसाच अभ्यासक्रम आहे. पदवी मिळते ती बी.एस., बी.टेक. नव्हे. सरकारी भरतीत हा फरक डोंगराएवढा, खासगी कंपनीत बरेचदा राईएवढा.

पदवी घेऊन बाहेर पडल्यावर काय, यावर मात्र कुणी बोलत नाही. कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पात्रतेच्या अटी सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतात: दहावी, बारावी, पदवी सगळीकडे साठ टक्के, चालू केटी नको, आणि शिक्षणात एक-दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप नको. तहसील कचेरीबाहेर करून घेतलेलं ते प्रतिज्ञापत्र इथे पुन्हा समोर येतं. प्रवेशाच्या वेळी ते चालतं, नोकरीच्या वेळी चालत नाही. कॉलेजनं फी घेतली तीच, प्लेसमेंट सेलनं मात्र यादीतून नाव काढलेलं.

सरकारी नोकरीचा हिशेब तर बोटांवर मोजण्याइतका सरळ आहे. राज्य सेवेत वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. चौतिसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसणारा खुल्या गटातला माणूस सगळं वेळेत काढून बाहेर पडतो तो अडतिसाव्या वर्षी. जाहिरात त्या वर्षी निघाली तर निघाली. थेट दुसऱ्या वर्षाला गेला तर सदतिसावं, एखादं वर्ष हाताशी. एकाच केटीत ते वर्ष जातं. हा हिशेब करूनही जायचं असेल तर जावं, पण न करता जाऊ नये.

म्हणून बहुतेक लोक इंजिनीअरिंग म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात खरं तर सॉफ्टवेअर असतं. तिथे पदवीची चाळणी सैल, कोड चालतो का तेवढं बघतात, अशी समजूत. दहा वर्षांपूर्वी ती बऱ्यापैकी खरी होती. गणित असलेल्या कुठल्याही पदवीधराला एमसीए करता येतं, आणि २०२० पासून ते तीनाऐवजी दोन वर्षांचं झालं. खारघरला सी-डॅकचं केंद्र आहे. सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन सहा महिन्यांचा पदव्युत्तर संगणक अभ्यासक्रम करणारी मुलं तिथे सकाळी आठ ते रात्री दहा पडीक असतात. पण त्या अभ्यासक्रमाला मुळात इंजिनीअरिंगची पदवी किंवा एमसीए, एम.एस्सी. सारखं काही लागतं, नुसत्या बी.कॉम.वाल्याला तिथे प्रवेश नाही. आणि २०२५ च्या जुलैत टीसीएसनं जवळपास दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायरीवरचे लोक होते. चाळिशीतले लोक जिथून बाहेर पडतायत तिथे चाळिशीत आत शिरायला निघणं, हे पनवेल स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत उलट्या दिशेनं जिना चढण्यासारखं आहे. मोठ्या आयटी कंपन्यांचा फ्रेशरचा पगार दशकभराहून जास्त काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला. पॅनल ऑपरेटरला रात्रपाळीच्या भत्त्यासकट याहून बरं मिळत असतं.

मग कारखान्यातल्या माणसानं पदवीचा नाद सोडावा का? पदवीच्या अलीकडे-पलीकडे काही हुद्दे आहेत आणि ते मला जास्त आशेचे वाटतात. बाष्पके संचालनालयाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा आहे, दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. पुढच्या बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरच्या परीक्षेला मात्र डिप्लोमा किंवा डिग्री लागते, तिथे भिंत आहे. वायरमन आणि विद्युत पर्यवेक्षकाचे परवाने आहेत. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, आणि पनवेलच्या आयटीआयच्या पाट्यांवर अजून वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता असे सुरेख मराठी शब्द आहेत, जे बोलताना कुणीच वापरत नाही. बी.एस्सी.वाल्यासाठी सर्वांत मोठी वाट सुरक्षेची. तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा, ज्याला सगळे एडीआयएस म्हणतात, तो फिजिक्स किंवा केमिस्ट्रीच्या पदवीधराला करता येतो. हजार आणि त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची जुनी तरतूद होती, आणि तिथे फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी आणि पाच वर्षांचा पर्यवेक्षणाचा अनुभव हा इंजिनीअरिंगच्या पदवीला मान्य पर्याय होता. एवढी एकच जागा मला सापडली जिथे नियम म्हणायचा की तुझी मधली वर्षं मी मोजीन.

रसायनीचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स (एचओसी) हा सरकारी कारखाना म्हणजे तिथली अख्खी वसाहत होती. २०१७ च्या मेमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीचा विभाग बंद करायला मंजुरी दिली. एकच प्लांट वाचला, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, कारण ते रॉकेटला लागतं. तो इस्रोकडे गेला. बाकीच्यांना मध्यवयात नवा धंदा शोधायची वेळ आली, ती स्वेच्छेनं नव्हे. आणि एचओसीच्याच वसाहतीत एक इंजिनीअरिंग कॉलेज चालू आहे. कारखाना बंद, वर्ग चालू. ज्यांनी कारखान्यात तीस वर्षं नायट्रेशनचा प्लांट चालवला, त्यांच्याकडून त्या वर्गांत शिकवून घ्यावं असं कुणाला सुचलं असतं तर! पण प्राध्यापकाला एम.ई. लागतं.

बाहेरच्या देशांत काय आहे ते थोडक्यात. बोस्टन विद्यापीठात 'लीप' नावाचा कार्यक्रम कित्येक दशकं चालू आहे. इंजिनीअरिंगची पदवी नसलेल्याला आधी पायाचे विषय शिकवतात आणि मग थेट इंजिनीअरिंगच्या मास्टर्सला बसवतात. संगीत, इतिहास, काहीही शिकून आलेले लोक तिथे येतात. पाया कच्चा असलेल्याला पुन्हा बारावीला पाठवत नाहीत, पाया भरून घेतात. सिंगापूरनं २०१५ पासून स्किल्सफ्यूचर चालवलं, आणि २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात फेरशिक्षणासाठी चार हजार सिंगापूर डॉलर जादा टाकले. चाळिशीला! आपल्याकडे चाळिशी म्हटलं की चष्मा आठवतो. आपल्या राज्यानं २०२४ पासून आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, ही मोठी गोष्ट आहे. पण शासननिर्णय वाचताना डोळ्यांसमोर बारावी पास मुलगीच उभी राहते. लग्नानंतर दहा वर्षं घरी असलेली, बी.एस्सी. फिजिक्स झालेली बाई त्या चित्रात नाही.

नोकरी सोडण्याचा विचार मनात घोळत असेल तर एक करून पाहता येतं. कुंभोजकरांचं अप्लाइड मॅथेमॅटिक्स आणि एन. डी. भटांचं इंजिनीअरिंग ड्रॉइंग जुनं मिळतं, फाटकं मिळालं तर आणखी चांगलं, म्हणजे कुणीतरी ते खरंच वापरलेलं असतं. फी भरण्याआधी तीन महिने ही दोन पुस्तकं रात्रपाळीला न्यावीत. तीन ते पाचच्या दरम्यान, पॅनल शांत असताना. इंटिग्रेशनची पानं पुढे सरकतात की नाही आणि तिरक्या प्रतलाचं प्रोजेक्शन डोक्यात उभं राहतं की नाही, हे तीन महिन्यांत स्वतःला कळतं. त्याला कुणाच्या समुपदेशनाची गरज पडत नाही. सरकलीच, तर पुढच्या जुलैत गॅप सर्टिफिकेट. आणि ऑगस्टमध्ये पनवेल स्टेशनच्या पुलावर, खांद्याला मिनी ड्राफ्टरची ती लांब काळी पिशवी. मागून येणारी पोरं पिशवी ओळखतात, मग चेहरा बघतात आणि जरा बाजूला होऊन वाट देतात. सर असतील, असं त्यांना वाटतं.